सिम कार्ड, सीमारेषा आणि प्रवासी

नागपूरपासून पणजी सुमारे एक हजार किलोमीटर दूर आहे. मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर, तर सौंसर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर. यांपैकी ‘परके’ गाव कोणते, असे विचारले तर विद्यार्थी काय उत्तर देतील? कोणी अंतर पाहून पणजीचे नाव घेईल. कोणी राज्याची सीमा पाहून पणजी आणि सौंसर ही दोन्ही नावे सांगेल. परंतु भ्रमणध्वनी भारतात आल्यानंतरची सुमारे वीस वर्षे या प्रश्नाचे तिसरेच उत्तर अमलात होते. नागपूरचा मोबाइल पणजीत घरचा होता. सौंसरमध्ये आणि आपल्याच राज्याच्या राजधानीत, म्हणजे मुंबईत, तो परका होता. तेथे त्याला ‘रोमिंग’ लागत असे. आलेला फोन घेतला तरी पैसे पडत.

आज परदेशी जाणारा नागपूरकर विमानात बसण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतो : येथलेच कार्ड रोमिंगवर चालवावे, की तेथे उतरल्यावर तेथील प्रीपेड कार्ड घ्यावे? घ्यायचे तर कोणत्या कंपनीचे? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे अधिक फायद्याचे ठरते, असे आम्हांला वाटते. कारण रोमिंगचे दर, प्रीपेड कार्डाच्या मर्यादा, सीमेजवळ फोनचे विचित्र वागणे या साऱ्यांची मुळे काही जुन्या निर्णयांत आहेत. त्यांतले काही निर्णय भौतिकशास्त्राने घेतले, काही अभियंत्यांनी आणि काही नकाशे आखणाऱ्यांनी. कोणता निर्णय कोणाचा, हे वेगळे करून पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

अंतराचे मोल

पत्र पाठवण्याचा खर्च अंतरावर ठरावा, हे एके काळी सर्वांना स्वाभाविक वाटत होते. भारतात १८५४ साली हा नियम मोडला. त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला, असा एकच दर लागू झाला. योगायोग असा, की नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा होऊन ब्रिटिश मुलखात सामील झाले तेही याच वर्षी. म्हणजे टपालाच्या दृष्टीने नागपूर आणि कलकत्ता यांच्यातील अंतर एका फटक्यात नाहीसे झाले.

देशांच्या सीमांचा प्रश्न पुढच्या वीस वर्षांत सुटू लागला. १८६५ साली पॅरिस येथे वीस राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय तार संघटना स्थापन केली. भारत १८६९ मध्ये तिचा सदस्य झाला. आजची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना ती हीच. १८७४ साली बर्न येथे टपाल संघटनेचा करार झाला आणि १८७६ मध्ये भारत त्यात सामील झाला. या करारातील कल्पना मोठी धाडसी होती. सर्व सदस्य देशांचा मिळून टपालासाठी एकच प्रदेश मानायचा. ज्या देशात पत्र पेटीत पडेल त्या देशाने तिकिटाचे पैसे ठेवायचे आणि बाकीच्यांनी ते पत्र आपलेच समजून पोचवायचे. लिहिलेल्या पत्राला उत्तर येतेच, तेव्हा हिशेब आपोआप जुळेल, अशी त्यामागची धारणा होती. परक्या देशातील टपालवाल्याने पत्रामागे प्रवाशाकडे वेगळे पैसे मागावेत, ही गोष्टच उरली नाही.

दूरध्वनीने मात्र ही वाट धरली नाही. १९३३ साली मुंबई आणि लंडन यांच्यात रेडिओद्वारे दूरध्वनी सेवा सुरू झाली. १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे उपग्रह भूकेंद्र उभे राहिले, आणि १९७६ मध्ये मुंबईहून लंडनला ऑपरेटरच्या मदतीशिवाय थेट क्रमांक फिरवता येऊ लागला. देशांतर्गत थेट क्रमांक फिरवण्याची सोय १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर प्रथम झाली होती. या सर्व सेवांत दर अंतराच्या टप्प्यांवर ठरत. नागपूरहून सौंसरला फोन केला तर कमी आणि मुंबईला केला तर जास्त पैसे पडत. त्यात एक सरळपणा होता. तांब्याची तार जितकी लांब तितका खर्च अधिक, हे कोणालाही पटावे.

पण त्या दूरध्वनीचा क्रमांक माणसाचा नव्हता, जागेचा होता. धंतोलीतील घराचा क्रमांक म्हणजे त्या घरातील एका भिंतीचा क्रमांक. घरचा माणूस प्रवासाला निघाला की तो संपर्काच्या बाहेर जाई. तो पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवरून घरी फोन करू शके, परंतु घरच्यांना त्याला फोन करता येत नसे. प्रवाशाला गाठायचे तर तो नेमका कोठे आहे हे आधी ठाऊक हवे. रोमिंगने सोडवलेला खरा प्रश्न तो हाच.

क्रमांक माणसाचा झाला

१९८१-८२ साली स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड या देशांनी एका सामाईक पद्धतीची मोबाइल सेवा सुरू केली. एका देशाचा फोन दुसऱ्या देशात चालावा, हे तिच्या आखणीतच होते. युरोपात इतरत्र मात्र जवळजवळ प्रत्येक देशाने आपली वेगळी पद्धत उभारली. फ्रान्सचा मोटारीतला फोन जर्मनीत गेला की निव्वळ ओझे. म्हणून १९८२ मध्ये युरोपच्या टपाल-तार खात्यांनी एक अभ्यासगट नेमला आणि १९८७ साली कोपनहेगन येथे १३ देशांनी एकाच अंकीय पद्धतीच्या करारावर सह्या केल्या. ही पद्धत ‘जीएसएम’ नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यावरचा पहिला व्यापारी फोन १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाला आणि १९९२ साली फिनलंड व ब्रिटन येथील कंपन्यांत पहिला रोमिंग करार झाला.

या पद्धतीतील सर्वांत कल्पक गोष्ट म्हणजे ग्राहकाची ओळख फोनच्या संचातून काढून एका कार्डावर ठेवणे. तेच सिम कार्ड. सुरुवातीला ते आजच्या बँकेच्या कार्डाएवढे, म्हणजे सुमारे ८५.६ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर रुंद होते. फोन कोणाचाही असो, आपले कार्ड त्यात सरकवले की तो आपला झाला, ही त्यामागची कल्पना होती. पुढे संच लहान होत गेले तसे भोवतालचे प्लॅस्टिक कापले जाऊन कार्ड १२.३ बाय ८.८ मिलिमीटरपर्यंत आले. आतली चकती तेवढी टिकली. आता तर संचातच कायमची बसवलेली चकती असते आणि तिच्यावर हवी ती ओळख रेडिओमार्गे उतरवून घेता येते. तिला ई-सिम म्हणतात.

कार्डावर दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात. पहिली, पंधरा अंकांचा ओळखक्रमांक. आपण जो दहा अंकी नंबर लोकांना देतो तो हा नव्हे. याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतासाठी ४०४ आणि ४०५ हे अंक आहेत. पुढचे दोन किंवा तीन अंक जाळे सांगतात आणि उरलेले ग्राहक. दुसरी गोष्ट म्हणजे १२८ बिटांची एक गुप्त किल्ली. अशा किल्ल्या किती होऊ शकतात? २ चा १२८ वा घात, म्हणजे सुमारे ३४ वर ३७ शून्ये इतक्या.

आता समजा, नागपूरचा ग्राहक लंडनला उतरला. त्याने फोन चालू करताच तो तेथील एखाद्या जाळ्याला आपला ओळखक्रमांक सांगतो. पहिल्या पाच अंकांवरून त्या जाळ्याला घरची कंपनी कळते. ते घरच्या नोंदवहीला विचारते, हा तुमचा माणूस का? घरची नोंदवही आपली किल्ली कधीच पाठवत नाही. ती एक यादृच्छिक संख्या आणि त्या संख्येवर किल्लीची क्रिया करून येणारे उत्तर, अशी जोडी पाठवते. लंडनचे जाळे ती संख्या फोनला देते. कार्ड आपल्याजवळच्या किल्लीने उत्तर काढते. दोन्ही उत्तरे जुळली की ओळख पटली. परक्या माणसाला गुपित न सांगता आपल्या माणसाची खात्री पटवून देण्याची ही रीत गणिताच्या तासाला सांगण्याजोगी आहे.

ओळख पटली की घरच्या नोंदवहीत लिहिले जाते : ‘सध्या मुक्काम अमुक जाळ्यात.’ आता नागपूरहून कोणी फोन केला तर तो कोठे पाठवायचा हे ठाऊक आहे. प्रवासी संपर्कात आला.

नकाशा आणि तरंग

भारताने १९९०च्या दशकात मोबाइल सेवेसाठी परवाने देताना जीएसएम पद्धतच स्वीकारली. चार महानगरांचे परवाने आधी दिले गेले. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून पहिला फोन झाला. उरलेल्या देशाचे दूरसंचार मंडळांनुसार तुकडे करून १९९५ साली निविदा मागवल्या गेल्या. ही मंडळे साधारणपणे राज्यांच्या सीमांवरून आखलेली होती, पण नेमकी तशीच नव्हती. महाराष्ट्राच्या मंडळात गोवा होते आणि मुंबई नव्हती. मध्य प्रदेशच्या मंडळात पुढे वेगळे राज्य झालेले छत्तीसगड होते, ते राज्य २००० साली झाल्यावरही तेथेच राहिले.

प्रत्येक मंडळात प्रत्येक कंपनीला जाळ्याचे स्वतंत्र अंक मिळाले. पुढे ‘आयडिया’ नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचे महाराष्ट्र-गोवा मंडळातील अंक ४०४-२२ होते. २००१ मध्ये तिने मध्य प्रदेश मंडळातील एक चालू कंपनी विकत घेतली. त्या जाळ्याचे अंक ४०४-७८. नाव एक, मालक एक, तरी कार्डाच्या दृष्टीने ही दोन वेगळी जाळी होती. लंडनमध्ये जी प्रक्रिया घडते तीच, त्याच क्रमाने, सौंसरमध्ये घडे. तंत्रज्ञानाने भारताला एक देश मानलेच नव्हते. वीसहून अधिक देशांचा समूह मानला होता. आजही सेवाक्षेत्रांची संख्या २२ आहे.

नागपूरच्या संदर्भात या रेषेला एक वेगळा अर्थ आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले; सौंसर आणि पांढुर्णा हे छिंदवाडा जिल्ह्यातील मराठीभाषक तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. तेथील संत्री नागपूरच्या बाजारात येतात, मुली-सुना दोन्हीकडे नांदतात, दवाखान्यासाठी आणि कॉलेजसाठी लोक नागपूरलाच येतात. अशा माणसाचा फोन नागपूरच्या बाजारात ‘परदेशात’ असे. संत्र्याचा भाव विचारायला घरून आलेला फोन उचलला की त्याच्या खात्यातून पैसे कापले जात. पणजीचा माणूस त्याच बाजारात उभा असता तर त्याला ही झळ लागली नसती. तार असलेल्या जुन्या फोनने निदान किलोमीटर मोजले होते. नव्या फोनने रेषा मोजली.

रेडिओच्या तरंगांना मात्र ही रेषा दिसत नाही. जबलपूर रस्त्याने मनसर, देवलापार ओलांडून खवासाकडे जाताना फोन कधी या मंडळाच्या, कधी त्या मंडळाच्या मनोऱ्याला चिकटतो. जीएसएम मनोरा किती दूरवरच्या फोनशी बोलू शकतो, याचा हिशेब वर्गात करता येईल. फोनचा संदेश मनोऱ्यापर्यंत ठरलेल्या क्षणी पोचावा म्हणून दूरच्या फोनला थोडे आधी बोलायला सांगितले जाते. हे ‘आधी’ एका बिटाच्या कालावधीच्या, म्हणजे ३.६९ मायक्रोसेकंदांच्या, पटीत मोजतात. तेवढ्या वेळात रेडिओतरंग सुमारे १.१ किलोमीटर जातात. जाऊन-येऊन धरले तर अंतर निम्मे, म्हणजे ०.५५ किलोमीटर. अशा जास्तीत जास्त ६३ पायऱ्या ठेवलेल्या आहेत. ६३ ला ०.५५ ने गुणले की सुमारे ३५ किलोमीटर येतात. उंचावरच्या मनोऱ्याचा संदेश मोकळ्या प्रदेशात सीमा ओलांडून चांगलाच आत जाऊ शकतो. त्यामुळे महाराष्ट्राच्या हद्दीतल्या आपल्याच घरी बसलेल्या माणसाला रोमिंग लागावे, असाही प्रकार सीमावर्ती गावांत घडे.

अशा वेळी फोन जाळे कसे निवडतो? तो आधी घरचे जाळे शोधतो. ते नसेल तर कार्डावर कंपनीने लिहून ठेवलेली पसंतीची यादी पाहतो. त्या यादीतलेही कोणी नसेल तर पुरेसा जोरदार संदेश असलेल्या जाळ्यांपैकी कोणतेही एक घेतो. ज्या जाळ्याने पूर्वी नकार दिला त्याचे नाव तो निषिद्ध यादीत ठेवतो. म्हणजे परदेशात उतरल्यावर फोनने आपणहून धरलेले जाळे सर्वांत स्वस्त वा सर्वांत चांगले असेलच असे नाही. बहुधा ते घरच्या कंपनीच्या सोयीचे असते. फोनमध्ये स्वतः जाळे निवडण्याची सोय असते ती याचसाठी.

प्रीपेडची अडचण

महिन्याअखेरीस बिल भरण्याऐवजी आधी पैसे भरून मग बोलण्याची पद्धत १९९०च्या दशकाच्या मध्यावर युरोपात आली. पोर्तुगालमधील १९९५ची योजना अशा योजनांपैकी अगदी सुरुवातीची होती. भारतात १९९५ साली मोबाइलवर बोलण्याचा कमाल दर मिनिटाला ८ रुपये ४० पैसे आणि गर्दीच्या वेळी १६ रुपये ८० पैसे होता, आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. आलेला फोन फुकट झाला तो मे २००३ पासून. अशा काळात खर्चाला आधीच कुंपण घालणारे प्रीपेड कार्ड लोकप्रिय झाले यात नवल नाही. पुढे भारतातील ९० टक्क्यांहून अधिक ग्राहक प्रीपेड झाले.

परंतु प्रीपेड कार्ड प्रवासाला निघाले की एक पेच उभा राही. बिलाच्या ग्राहकाच्या बाबतीत परके जाळे बोलण्याची नोंद ठेवते आणि ती यथावकाश घरच्या कंपनीला पाठवते. पैसे नंतर वसूल होतात. प्रीपेड ग्राहकाची शिल्लक घरच्या संगणकात असते. परक्या जाळ्याला ती दिसत नाही. तो दहा रुपये शिल्लक असताना शंभर रुपयांचे बोलला तर नुकसान कोणाचे? म्हणून फोन लागण्यापूर्वी आणि चालू असताना घरच्या संगणकाला विचारत राहण्याची सोय हवी. ती सोय जीएसएमच्या मूळ आराखड्यात नव्हती. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती प्रमाणित झाली आणि जगभरच्या कंपन्यांनी बसवायला आणखी काही वर्षे गेली. मधल्या काळात प्रीपेड प्रवाशापुढे एकच मार्ग होता : जेथे जाल तेथले कार्ड घ्या. परदेशात उतरताच स्थानिक प्रीपेड कार्ड विकत घेण्याच्या रूढीला यातून बळ मिळाले.

याचे एक उदाहरण आपल्याच देशात आहे. जम्मू-काश्मीरमध्ये मोबाइल सेवा २००३ साली सुरू झाली. सुरक्षेच्या कारणावरून बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड कार्डांना तेथे रोमिंग दिले गेले नाही; बिलाची कार्डे चालत. अमरनाथला जाणाऱ्या विदर्भातील यात्रेकरूंना त्यामुळे तेथे पोचल्यावर मुदतीचे स्थानिक कार्ड घ्यावे लागे. येथे अडसर तंत्राचा नव्हता. कार्डामागे कोणाची ओळख आहे याची खात्री कोणी करायची, हा तो प्रश्न होता. परदेशात स्थानिक कार्ड घेताना दुकानदार पासपोर्ट मागतो, त्यामागेही बहुधा हाच प्रश्न असतो.

लांबचा वळसा

रोमिंग महाग का, याचे एक कारण खरोखर तांत्रिक आहे. लंडनमध्ये शेजारी शेजारी उभे असलेले दोन नागपूरकर आपापल्या नागपूरच्या कार्डांवरून एकमेकांना फोन करतात असे समजा. पहिल्याचा फोन लंडनहून भारतात जातो, कारण दुसऱ्याचा क्रमांक भारतीय आहे. भारतातील नोंदवही सांगते, तो माणूस लंडनला आहे; मग फोन परत लंडनला येतो. नागपूर-लंडन अंतर सुमारे साडेसात हजार किलोमीटर धरले, तर दोन हात अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज पंधरा हजार किलोमीटर फिरून येतो. पहिला जाण्याचे पैसे देतो, दुसरा येण्याचे.

इंटरनेटचेही साधारण तसेच आहे. रोमिंगवर असताना माहिती सहसा घरच्या जाळ्यातून वळसा घेते. लंडनमधील संगणकावरचा लंडनचा नकाशा पाहायचा तर मागणी भारतात येते, लंडनच्या संगणकाकडे परत जाते, आणि उत्तरही त्याच वाटेने येते. एकूण तीस हजार किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केवळ प्रवासाला ०.१५ सेकंद. समुद्रतळावरील केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात अधिकच. स्थानिक कार्डावर हा वळसा उरत नाही.

पण वळसा हे महागाईचे संपूर्ण कारण नव्हे. नागपूर-सौंसरमध्ये कसला वळसा? दुसरे कारण व्यवहारातले आहे. परके जाळे घरच्या कंपनीकडून घाऊक दर घेते आणि घरची कंपनी त्यावर आपला नफा चढवून प्रवाशाकडून घेते. प्रवासी परक्या जाळ्याचा ग्राहक नसतो, त्यामुळे त्याला खूश ठेवण्याची त्या जाळ्याला गरज नसते. आणि घरी कंपनी निवडताना वर्षातून एकदा लागणारे रोमिंगचे दर फारसे कोणी पाहत नाही. स्पर्धेचा रेटा दोन्ही बाजूंनी सुटतो. त्यात नियामकाची अडचण वेगळी : एका देशाच्या नियामकाचा हात दुसऱ्या देशाच्या घाऊक दरापर्यंत पोचत नाही.

म्हणूनच युरोपला सर्व सदस्य देशांना बांधणारा कायदा करावा लागला. २००७ साली तेथे रोमिंगच्या दरांवर मर्यादा आली आणि १५ जून २०१७ पासून संघातील प्रवाशांचा वेगळा रोमिंग आकार बंद झाला. भारतात रेषेच्या दोन्ही बाजूंना नियामक एकच होता, तरी वेळ जवळपास तितकाच लागला. २००६ मध्ये सरकारी कंपन्यांनी देशभर कोठेही मिनिटाला एक रुपया हा दर आणला. रोमिंगमध्ये आलेल्या फोनची कमाल मर्यादा २०१३ साली मिनिटाला १ रुपया ७५ पैशांवरून ७५ पैसे झाली, २०१५ मध्ये ४५ पैसे. जुलै २०१५ पासून दुसऱ्या मंडळात राहायला गेले तरी तोच क्रमांक ठेवता येऊ लागला. तोपर्यंत नागपूरहून भोपाळला बदली झालेल्या माणसाला क्रमांक बदलावा लागे किंवा कायमचे रोमिंग सोसावे लागे. २०१६ साली आलेल्या नव्या कंपनीने देशांतर्गत रोमिंग आकारलेच नाही आणि २०१७ मध्ये इतर मोठ्या कंपन्यांनीही तो आकार सोडून दिला. मनोरे तेच, तरंग तेच, कार्डावरचे ४०४-२२ आणि ४०४-७८ हे अंकही तेच. सौंसर मात्र परके उरले नाही. अडथळा निसर्गाचा किती आणि माणसाचा किती, हे यावरून दिसते.

मग निवड कशी करावी?

या इतिहासातून प्रवाशाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निघतात.

पहिली, आपला संच तेथील तरंगांना ऐकू शकतो का, हे पाहावे. युरोप आणि आशियात जीएसएम मुख्यतः ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर चाले, तर अमेरिकेत ८५० आणि १९०० वर. जपानने दुसऱ्या पिढीत जीएसएम घेतलेच नाही. दीक्षाभूमीला येणाऱ्या जपानी पाहुण्यांचे त्या काळचे फोन येथे निरुपयोगी ठरत. आजचे संच अनेक पट्टे ओळखतात, पण नवा अडसर पिढ्यांचा आहे. अमेरिकेत एका प्रमुख कंपनीने दुसऱ्या पिढीचे जाळे २०१७च्या आरंभी आणि तिसऱ्या पिढीचे २०२२ मध्ये बंद केले. चौथ्या पिढीवरून आवाज पाठवू न शकणारा जुना संच तेथे मुका होतो. तसेच हप्त्याने घेतलेला संच एकाच कंपनीच्या कार्डाला बांधलेला नाही ना, याची खात्री करावी.

दुसरी, मुक्काम किती दिवसांचा आणि कोणाशी बोलायचे, याचा विचार करावा. मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांचे बोलणे मुख्यतः तेथल्या माणसांशी असते. लांबचा वळसा टाळणारे स्थानिक कार्ड त्यांना योग्य. चार दिवसांच्या परिषदेला जाणाऱ्याला घरच्या कार्डावरची मुदतीची योजना सोयीची पडू शकते.

तिसरी, ज्या गावी राहायचे त्या गावात कोणाचे मनोरे आहेत ते तेथील माणसालाच विचारावे. देशात पहिल्या क्रमांकावर असलेली कंपनी त्या गावात शेवटची असू शकते. काही स्वस्त कंपन्यांचे स्वतःचे मनोरे नसतातच, त्या दुसऱ्याचे भाड्याने घेतात. तेव्हा मनोरे कोणाचे ते पाहावे.

चौथी, घरचे कार्ड फेकू नये किंवा बंद पडू देऊ नये. बँकेचे संकेतशब्द त्याच क्रमांकावर येतात. दोन कार्डांचा संच असेल तर घरचे कार्ड लघुसंदेशांपुरते चालू ठेवावे आणि त्यावरील रोमिंग इंटरनेट बंद करावे. परत आल्यावर सर्वांत मोठे बिल दिसते ते बहुधा हे बंद करायचे राहून गेल्यामुळे.

शिक्षकांसाठी एक सूचना करून थांबतो. विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या नकाशावर नागपूर केंद्र धरून शंभर किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायला सांगावे. त्यात येणारी पलीकडच्या राज्यातील गावे लिहून काढावीत. मग घरातील मोठ्यांना विचारावे, की या गावांशी आपला संबंध काय आहे, आणि २०१० साली तेथे फोन करायला वा घ्यायला काय पडत होते. ज्यांचे नातेवाईक परदेशी आहेत त्यांनी तोच प्रश्न त्या देशाविषयी विचारावा. जी उत्तरे येतील त्यांच्यासमोर प्रत्येक ठिकाणचे अंतर लिहावे. दर आणि अंतर यांचा आलेख काढला तर बिंदू एका रेषेवर येणार नाहीत. ते का येत नाहीत, याची चर्चा हा विज्ञानाचा तास आहे आणि नागरिकशास्त्राचाही.